जयपूरचं सम्राट यंत्र बघायला जाताय? मग कोल्हापुरात गच्चीवर ही तयारी आधी करा

जयपूरला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक जंतरमंतरला, म्हणजे तिथल्या जुन्या वेधशाळेला, जेमतेम अर्धा तास देतात. गाईड घाईघाईनं सांगतो, दोन फोटो निघतात आणि सगळे बाजारात लहरिया बघायला पळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तिथं सिटी पॅलेसला अगदी लागून जी सावलीची घड्याळं उभी आहेत ती आजही चालू आहेत, आजच्या उन्हात आजची वेळ दाखवतात, आणि ती वाचायला कुठलीही पदवी लागत नाही. लागते ती फक्त थोडी सवय, आणि ही सवय कोल्हापुरात घरच्या गच्चीवर एका आठवड्यात लागते. म्हणून हा लेख जयपूरच्या फाटकापासून सुरू न करता आपल्या गच्चीवरून सुरू करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सवाई जयसिंह दुसरे (१६८८ ते १७४३) यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या, त्यातली मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरची सगळ्यात मोठी, आणि २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे (आपला पन्हाळासुद्धा २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांबरोबर त्याच यादीत गेला). जयपूरमधलं बृहत् सम्राट यंत्र साधारण २७ मीटर उंच आहे. मधे एक प्रचंड तिरकी भिंत आणि दोन बाजूंना पंखासारख्या गोलाईच्या पट्ट्या. त्या भिंतीची सावली पट्टीवर पडते आणि पट्टीवर वेळ वाचायची, बस एवढंच.

पण तुम्ही तिथं घड्याळ बघून तुलना केलीत की पहिला प्रश्न हाच येणार की हे चुकीचं का दाखवतंय? चुकीचं नाही. फरक कुठून येतो हे कळलं की खरी मजा सुरू होते, तेव्हा आधी तो हिशोब.

पायरी १: ३३ मिनिटं लक्षात ठेवा

आपलं मोबाईलचं घड्याळ चालतं ते ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर, ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते आणि सगळ्या देशाला एकच वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली (मुंबई मात्र स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत पाळत होती, जुन्या लोकांच्या बोलण्यात ती अजून ऐकू येते). कोल्हापूर आहे साधारण ७४.२४ अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. ८.२६ अंशांचा फरक म्हणजे ३३ मिनिटं. मिर्झापूरला सूर्य माथ्याच्या रेषेवर आला की त्यानंतर ३३ मिनिटांनी आपल्याकडं येतो. म्हणजे कोल्हापूरची खरी दुपार घड्याळात बारा वाजता होतच नाही, साधारण साडेबारानंतर होते.

जयपूर ७५.८२ अंशावर आहे, तिथं हाच आकडा २७ मिनिटं येतो. दोन्ही शहरांत फरक ६ मिनिटांचा, तो पुढं कामाला येणार आहे.

पायरी २: सूर्य स्वतः पण पुढंमागं होतो

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि मग हिशोब जुळत नाही. पृथ्वी सूर्याभोवती अगदी गोल फिरत नाही, जानेवारीच्या सुरुवातीला ती जवळ असते आणि जोरात पळते, जुलैत लांब असते आणि सावकाश जाते, शिवाय तिचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे. या दोन्हीमुळं सूर्याची दुपार वर्षभर एकाच वेळी येत नाही. खालचे आकडे वहीत लिहून घ्या, मिनिटात आहेत, थोडे गोळाबेरीज केलेले (मागं म्हणजे सूर्याची दुपार घड्याळाच्या हिशोबापेक्षा तेवढी उशिरा, पुढं म्हणजे तेवढी लवकर):

- १ जानेवारी ३ मागं, १५ जानेवारी ९ मागं
- ११ फेब्रुवारी १४ मागं (वर्षातला सगळ्यात मागं असलेला सूर्य)
- १५ मार्च ९ मागं
- १५ एप्रिल शून्य
- १४ मे जेमतेम ४ पुढं
- १३ जून शून्य
- २६ जुलै साडेसहा मागं
- १ सप्टेंबर शून्य
- १ ऑक्टोबर १० पुढं, १५ ऑक्टोबर १४ पुढं
- ३ नोव्हेंबर १६ पुढं (सगळ्यात पुढं)
- १ डिसेंबर ११ पुढं
- २५ डिसेंबर शून्य

मधल्या तारखांना अंदाजानं मधला आकडा घ्या, आपल्या कामाला तेवढं पुरतं. आता नियम असा की सावलीच्या घड्याळात जी वेळ दिसेल त्यात कोल्हापुरात ३३ मिळवायचे (जयपुरात २७), आणि सूर्य मागं असेल तर ती मिनिटं अजून मिळवायची, पुढं असेल तर वजा करायची.

उदाहरण घ्या. २५ डिसेंबरला गच्चीवर सावली ९ दाखवते, मोबाईलमध्ये ९:३३ असणार. ३ नोव्हेंबरला सावली ९ दाखवते, मोबाईलमध्ये ९ अधिक ३३ वजा १६ म्हणजे ९:१७. आणि ११ फेब्रुवारीला ९ अधिक ३३ अधिक १४ म्हणजे ९:४७. एकाच शहरात एकाच सावलीत अर्ध्या तासाचा फरक! हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितलं की परत कधी विसरत नाही.

पायरी ३: चकती बनवा

आता हातानं करायचं काम. बाजारात मिळणाऱ्या आडव्या पितळी सावलीघड्याळांच्या नादाला लागू नका, ती बहुतेक दुसऱ्याच कुठल्या अक्षांशासाठी केलेली असतात, शिवाय कोल्हापूरच्या अक्षांशाला आडव्या तबकडीवर दुपारच्या रेषा एकमेकींना एवढ्या चिकटतात की (११ आणि १२ मध्ये फक्त साडेचार अंश) वाचणं अवघड होतं. त्यापेक्षा तिरकी चकती बेस्ट. तिच्यावर प्रत्येक तास सरळ १५ अंशांचा, गणित शून्य. आणि जयपूरमधलं नाडीवलय यंत्र नेमकं ह्याच पद्धतीचं आहे, म्हणजे तुम्ही घरी त्याचीच छोटी आवृत्ती करताय.

सामान: फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात मिळणारा सनबोर्डचा तुकडा, पतंगाची असते तशी बारीक आणि सरळ बांबूची कामटी ३५ ते ३६ सेंटीमीटर लांब, कोनमापक, कंपास, गुण्या, पेन.

सनबोर्डवर ९ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि नीट कापा. हे ९ मुद्दाम निवडलेत, का ते लगेच येतंय. मधोमध बारीक भोक. दोन्ही बाजूंना मध्यापासून कडेपर्यंत १५-१५ अंशांवर रेषा मारा, जमलं तर मधे साडेसात अंशांवर अर्ध्या तासाच्या फिक्या रेषा पण मारा.

आकडे लिहिताना लक्ष द्या. चकती उभी राहिल्यावर तिची एक बाजू उत्तरेकडं आणि थोडी आभाळाकडं बघते, दुसरी दक्षिणेकडं आणि थोडी जमिनीकडं. दोन्ही बाजूंना १२ ची रेषा अगदी खाली येते. उत्तरेच्या बाजूवर तुमच्या उजव्या हाताला सकाळचे ६, डाव्या हाताला संध्याकाळचे ६, म्हणजे आकडे नेहमीच्या घड्याळासारखे फिरतात. दक्षिणेच्या बाजूवर उलटं, डावीकडं सकाळचे ६, उजवीकडं संध्याकाळचे ६. चकती हातात आडवी धरून लिहायला बसलात तर गोंधळ होतो, उभी धरूनच लिहा.

आता कामटी भोकातून घाला, उत्तरेच्या बाजूला ५-६ सेंटीमीटर बाहेर आणि दक्षिणेच्या बाजूला बरोब्बर ३० सेंटीमीटर. गुण्या लावून चारी बाजूंनी काटकोन आहे का बघा आणि मग फेव्हिकॉल न लावता रबरबँडनं घट्ट बसवा, कारण कामटी नंतर सरकवायची आहे. चकतीची खालची कड आणि कामटीचं दक्षिणेकडचं टोक जमिनीला टेकवलं की कामटी जमिनीशी १६.७ अंशांचा कोन करते. हाच कोल्हापूरचा अक्षांश! ९ ला ३० हे प्रमाण आपल्या गावाचं आहे. कामटीचं वरचं टोक आता ध्रुवताऱ्याकडं बघतंय, आणि जयपूरची ती प्रचंड भिंत सुद्धा तेच करते, फक्त तिचा कोन जयपूरच्या अक्षांशाएवढा म्हणजे जवळपास २७ अंश आहे.

पायरी ४: उत्तर दिशा शोधा, मोबाईलवर पूर्ण विसंबू नका

मोबाईलचा कंपास गच्चीवर बिनधास्त फसवतो. स्लॅबमधल्या सळया, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, डिशचा पाइप, सगळे त्याला ओढतात. त्यापेक्षा शुल्बसूत्रांपासून (यज्ञवेदी आखायचे प्राचीन ग्रंथ) चालत आलेली शंकूची, म्हणजे उभ्या काठीची पद्धत वापरा, तिला फक्त ऊन आणि सबुरी लागते.

गच्चीचा सपाट भाग निवडा, पाणसळ लावून बघा (मोबाईलमधली चालते, नाहीतर ताटलीत पाणी). एक सरळ काठी उभी करा, ओळंब्यानं तपासा. सकाळी साडेदहाच्या आसपास सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. काठीच्या बुंध्याला सुतळी बांधून त्या खुणेपर्यंतच्या अंतराचं गोल काढा. सावली दुपारपर्यंत आखूड होत जाते, मग परत लांबते आणि अडीचच्या पुढं-मागं तिचं टोक त्या गोलाला परत शिवतं. तिथं दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. ही रेषा ऑइल पेंटनं कायमची मारून ठेवा, घरच्यांची परवानगी काढून.

इथं कोल्हापूरकरांसाठी एक खास सूचना. शाळेत आपण शिकलो की दुपारची सावली उत्तरेला पडते. आपल्याकडं हे वर्षभर खरं नाही. ६ मेच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, त्या दिवशी साडेबाराच्या ठोक्याला उभ्या बाटलीची सावली बाटलीखाली गायब होते. त्यानंतर ६ ऑगस्टच्या आसपासपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. तेव्हा मे ते जुलैत हा प्रयोग करत असाल तर उत्तर-दक्षिण उलटी धरू नका, सूर्य उगवला कुठं ते बघून पूर्व ठरवा आणि मग पुढं जा. जयपूरला मात्र सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, ते कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथं दुपारची सावली बारा महिने उत्तरेलाच.

अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळे बघतो, तो पण ह्याच हिशोबात बसतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, असा वर्षातून दोनदा. कारण सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळी जवळपास त्याच जागी म्हणजे विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला असतो आणि महाद्वाराच्या बाजूनं मावळतीची किरणं त्याच कोनातून गाभाऱ्यात जातात. शून्य सावली दोनदा येते तेही ह्याच कारणानं, फक्त तिथं सूर्य तेवढाच उत्तरेला असतो. ज्यांनी ते मंदिर बांधलं त्यांना सूर्याची चाल किती बारकाईनं माहीत असणार ह्याचा विचार केला की ऊर भरून येतो.

पायरी ५: आठवडाभर वाचा

रेषेवर चकती ठेवा, कामटीचं लांब टोक दक्षिणेला. २१ मार्च ते २३ सप्टेंबर वरच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूवर ऊन पडतं, बाकीचे सहा महिने खालच्या बाजूवर. ह्या दोन तारखांच्या आजूबाजूला काही दिवस ऊन चकतीच्या कडेवरून घासून जातं आणि कुठलीच बाजू धड वाचता येत नाही, तेव्हा त्या दिवसांत हा उद्योग नको.

रोज दोन-तीनदा सावलीची वेळ आणि मोबाईलची वेळ शेजारी-शेजारी लिहा आणि वरचा हिशोब लावून बघा. एवढ्या चकतीवर कडेला एक तास म्हणजे साधारण २.४ सेंटीमीटर, म्हणजे एक मिनिट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, तेव्हा चार-पाच मिनिटांत जुळलं तरी काम उत्तम झालं समजा. सकाळी एका दिशेनं आणि दुपारी दुसऱ्या दिशेनं फरक येत असेल तर कामटीचा कोन (९ ला ३०) आणि जमिनीची पातळी तपासा. दिवसभर एकाच दिशेनं फरक येत असेल तर उत्तर रेषा चुकलीय, चकती रेषेवर वाकडी बसलीय किंवा १२ ची रेषा बरोब्बर खाली नाही.

रविवारी पन्हाळ्याला जाणार असाल तर चकती सोबत घ्या, उघडं पठार आहे, बिल्डिंगची आडकाठी नाही, अक्षांश-रेखांशात काही मोठा फरक पडत नाही म्हणून आकडे तेच चालतात. फक्त तीन दरवाजाच्या किंवा अंबरखान्याच्या दगडांवर खडूची रेघ सुद्धा मारू नका, खाली एक जुनं फ्लेक्स अंथरा आणि त्यावर काय खुणा करायच्या त्या करा. गडावर नावं कोरणाऱ्यांवर आपण चिडतो, मग आपली खडूची रेघ तरी कशाला.

घरी लहान मुलं असतील तर वाचायचं काम त्यांच्याकडंच द्या, ती हिशोब आपल्यापेक्षा लवकर पकडतात.

पायरी ६: कधी जायचं, कसं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. ऊन सोसवतं आणि आकाश बहुतेक मोकळं असतं, फक्त डिसेंबरअखेर आणि जानेवारीत सकाळी धुकं असतं तेव्हा एक दिवस जास्तीचा हातात ठेवा. एप्रिल-मे मध्ये तिथला पारा चाळीशीच्या वर जातो, दुपारी दोन तास उघड्या अंगणात उभं राहणं मुलांना आणि वयस्कर लोकांना झेपत नाही, आणि आपल्याला तर दुपारीच तिथं असायचंय. पावसाळ्यात ढग, सावलीच नाही, तिकिटाचे पैसे वाया.

कोल्हापूरहून आधी पुणं किंवा मुंबई गाठायची, पुण्याहून जयपूरला थेट रेल्वे आहे पण रोज नाही, वार बघून आरक्षण करा. जयपुरात मेट्रोच्या बडी चौपड स्टेशनला उतरलात की हवामहल, जंतरमंतर आणि सिटी पॅलेस सगळं चालत. किल्ले, हवामहल आणि जंतरमंतर अशी बरीच ठिकाणं एकत्र बघायचं तिकीट मिळतं, खिडकीवर विचारा, दोन दिवस फिरणार असाल तर परवडतं.

बॅगेत टाका: चकती, कामटी (लांब वस्तू आहे, विमानानं जाणार असाल तर चेक-इन बॅगेत), आकड्यांची वही, टोपी, पाणी, एक काळा दोरा. काळा दोरा कशाला ते पुढं.

आणि निघायच्या आदल्या रात्री एक काम. कामटी सरकवा. ३० सेंटीमीटरवरून १७.७ वर आणा. आता ती २६.९ अंशांवर बसते, जयपूरसाठी तयार. आपली कोल्हापूरची चकती जयपूरची झाली.

पायरी ७: आत गेल्यावर, ह्या क्रमानं

सकाळी उघडल्या-उघडल्या, नऊच्या आसपास जा. गर्दी कमी असते आणि ऊन तिरकं असतं.

आधी लघु सम्राट यंत्र. छोटं आहे, मोठ्यासारखंच आहे, आणि सगळा कारभार एका नजरेत दिसतो. ह्याच्यावर वीसेक सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्टीवर. सावलीची कड जिथं पट्टीला कापते तो आकडा वाचा, २७ मिळवा, तारखेचा हिशोब लावा, मोबाईल काढा. ३ नोव्हेंबरला यंत्र साडेदहा दाखवत असेल तर मोबाईलमध्ये १०:४१ असणार, ११ फेब्रुवारीला ११:११. जुळलं की शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगावंसं वाटतं, सांगा.

मग नाडीवलय. दोन गोल तबकड्या, एक उत्तरेला तोंड करून, एक दक्षिणेला. थंडीत गेलात तर दक्षिणेची चालू असेल आणि उत्तरेची सावलीत. तुम्ही घरून आलात ते हेच करून, त्यामुळं इथं गाईडची गरजच नाही. आपली चकती मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवून दोन्हीची वेळ ताडून बघा, कुणाच्या पायात येणार नाही आणि यंत्रावर काही टेकणार नाही एवढं पाळा. सुरक्षारक्षकानं विचारलं तर दाखवा काय आहे ते आणि नको म्हणाला तर मुकाट्यानं आवरा.

अकराच्या सुमारास बृहत् सम्राट यंत्रापाशी या आणि मग तिथून हलू नका. पायऱ्यांवर चढायला देत नाहीत, खालून बघायचं. पट्टीची त्रिज्या साधारण १५ मीटर आहे, त्यामुळं सावली सेकंदाला १ मिलिमीटरच्या वर सरकते, मिनिटाला ६ सेंटीमीटरच्या वर. घरच्या चकतीवर जे मिनिट अर्धा मिलिमीटर पण नव्हतं ते इथं चार बोटं रुंद! पट्टीवरचे सगळ्यात बारीक भाग २ सेकंदांचे आहेत. सावलीच्या कडेवर नजर रोखून नुसते उभे राहा, ती चालताना दिसते. पृथ्वी फिरते हे आपण पाठ केलेलं असतं, इथं ते डोळ्यांना दिसतं.

पण मग २ सेकंद वाचता येतात का? नुसत्या डोळ्यांनी नाही. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाचा गोळा आहे, म्हणून एवढ्या लांबून पडलेल्या सावलीची कड धूसर होते, वीतभरापेक्षा थोडा कमी रुंद असा करडा पट्टा दिसतो, वेळेत म्हटलं तर साधारण २ मिनिटांचा. इथं काळा दोरा काढा. दोन्ही हातांत ताणून पट्टीच्या एक-दोन सेंटीमीटर वर, सावलीच्या कडेला समांतर धरा (दगडाला न लावता) आणि हळूहळू उजेडाकडून अंधाराकडं न्या. दोऱ्याची स्वतःची सावली फिकट होत होत नाहीशी होते, तिथं भिंतीनं सूर्य पूर्ण झाकला. ती जागा आणि जिथून ती फिकट व्हायला लागली ती जागा, दोन्हींचा मध्य ही खरी वेळ. दोन-तीनदा करा आणि सरासरी घ्या. जिथं पट्टीपर्यंत जाऊ देत नाहीत तिथं डोळ्यांनीच पट्ट्याचा मध्य धरा, अर्ध्या मिनिटाच्या आत येतं.

दुपार चुकवू नका

माझ्या मते ह्या भेटीचा जीव इथं आहे आणि नेमक्या ह्याच वेळी लोक जेवायला जातात. सकाळभर सावली पश्चिमेच्या पट्टीवरून खाली-खाली उतरत येते, दुपारी पायथ्याशी पोचते, आणि मग पलीकडं पूर्वेच्या पट्टीवर चढायला लागते. ही अदलाबदल बघायचीच. मोबाईलमध्ये ती कधी होणार ते घरूनच काढून जा: १२:२७ मध्ये सूर्य मागं असेल तर मिळवा, पुढं असेल तर वजा करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या आसपास, २५ डिसेंबरला १२:२७, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४१. दहा मिनिटं आधी जागा धरून उभे राहा.

घरी कुणी असेल तर एक दुसरी चकती ३० सेंटीमीटरवर बसवून गच्चीवरच्या रेषेवर ठेवून जा आणि दुपारी व्हिडिओ कॉल लावा. जयपुरात सावलीनं पट्टी बदलली की कोल्हापुरात १२ ची रेषा अजून गाठायची असते, सहा मिनिटांनी तिथं पोचते. चकतीवर हे अंतर दोन-अडीच मिलिमीटरचं, म्हणून कॅमेरा जवळ धरायला सांगा. गच्चीवर आई किंवा आजी असेल तर तिला हे सांगायला जमणारच, फक्त "सावली रेषेवर आली की ओरड" एवढंच सांगायचं.

त्यानंतर राहिलेलं बघा. राशिवलय म्हणजे बारा छोटी यंत्रं, प्रत्येक राशीला एक. जयप्रकाश म्हणजे जमिनीत खोदलेल्या दोन वाट्यांसारख्या अर्धगोल रचना, वर ताणलेल्या तारांच्या मध्याची सावली आत पडते आणि सूर्य आकाशात कुठं आहे ते सांगते. एका वाटीत जिथं पट्टी आहे तिथं दुसऱ्या वाटीत मोकळी वाट आहे, म्हणजे वेध घेणारा माणूस आत उतरून वाचू शकायचा. सम्राट यंत्राच्या पट्ट्यांना आधार देणाऱ्या बांधकामात षष्ठांश यंत्राच्या अंधाऱ्या खोल्या आहेत, छताच्या बारीक छिद्रातून दुपारच्या सूर्याची प्रतिमा आतल्या कमानीवर पडते. आत सोडत नसले तरी ती कुठं आहे ते विचारून घ्या, किरणोत्सव बघितलेल्या माणसाला ती कल्पना लगेच पोचते.

१९०१ च्या आसपास इथं मोठी दुरुस्ती झाली, आज दिसणाऱ्या पट्ट्यांमागं तेही काम आहे. त्यामुळं पट्ट्यांवर बसणं, पाण्याची बाटली टेकवणं, मुलांना घसरगुंडी करू देणं, हे कृपा करून नको.

जयपूर लांब वाटत असेल तर

उज्जैन. महाकाळच्या दर्शनाला आपल्याकडून भरपूर लोक जातात, तिथं जयसिंहांचीच वेधशाळा आहे आणि शिंदे सरकारांच्या काळात १९२० च्या दशकात तिची दुरुस्ती झाली. जयपूरएवढी मोठी नाही पण शांत आहे, निवांत वाचता येतं. अक्षांश २३.२, कामटी २१ सेंटीमीटरवर आणा. रेखांशाचे २७ मिनिटं तेच.

आणि मुलगा-मुलगी स्कॉटलंडला असेल, तिकडं जाणं होणार असेल तर तिथल्या किल्ल्यांच्या आणि राजवाड्यांच्या बागेत जुनी दगडी सावलीघड्याळं आहेत. ड्रमंड किल्ल्याच्या बागेत जॉन माइल्न याचं १६३० चं अनेक तोंडांचं घड्याळ आहे, एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्याच्या बागेत १६३३ चं. तीच चकती चालते, कामटी फक्त ६ सेंटीमीटरवर आणायची, कारण तिथं अक्षांश ५६ च्या आसपास. एडिंबरोला रेखांशाचे १३ मिनिटं मिळवा, ड्रमंडला साडेपंधरा, सूर्याचा पुढंमागं हिशोब वरचाच. उन्हाळ्यात मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिकडं घड्याळं एक तास पुढं केलेली असतात, तो तास वेगळा मिळवायचा.